उसनं, उचल, कर्ज

इंग्रजी शिकवताना येवल्याच्या मुलांचा पाय दोन शब्दांपाशी हमखास अडखळतो. बॉरो आणि लेंड. मैत्रिणीकडून वही घेतली किंवा मैत्रिणीला वही दिली, हे मराठीत सांगताना कुणाचीच गल्लत होत नाही. इंग्रजीत उतरवायची वेळ आली की घेणाऱ्याच्या जागी देणारा येतो आणि देणाऱ्याच्या जागी घेणारा. "बाई, वही तर एकच आहे, मग शब्द दोन कशाला?" असं एका मुलीनं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. मराठीत वही उसनी असते. घेतली तर उसनी घेतली, दिली तर उसनी दिली. शब्द वस्तूला चिकटतो आणि देणं-घेणं फक्त दिशा सांगतं. इंग्रजीत मात्र बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे, हे क्रियापदालाच सांगावं लागतं.

व्हिएतनामी मुलंही इंग्रजी शिकताना इथंच अडतात आणि कारणही जवळपास हेच असतं. त्यांच्या भाषेत उसनं घेणं म्हणजे 'मुओन'. त्याच्या आधी 'देणं' या अर्थाचा 'चो' लावला की ते उसनं देणं होतं. पण त्या भाषेनं आणखी एक भेद जपला आहे, जो इंग्रजीच्या बॉरोमध्ये नाही. सायकल, छत्री, पुस्तक अशी जी वस्तू वापरून तीच परत करायची, तिच्यासाठी 'मुओन'. पैसा किंवा तांदूळ, म्हणजे जे खर्चून टाकायचं आणि पुढं तेवढंच दुसरं आणून द्यायचं, त्यासाठी 'वाय'. व्हिएतनामच्या दिवाणी कायद्यातही या दोन करारांना दोन वेगळी नावं आहेत. हे कळल्यावर मी आपल्या गावाच्या बोलण्याकडे कान देऊन पाहू लागले. येवला हे पैठणीचं गाव आणि कांद्याचं गाव. दोन्ही धंद्यांत पैसा हातात येण्याआधी कितीतरी दिवस खर्च करावा लागतो. अशा गावात एका शब्दावर भागत नाही. उसनं, उचल, उधारी, भिशी, तारण, गहाण, कर्ज. हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण प्रत्येक शब्द माणसाला वेगळ्या रीतीनं बांधतो. कोण कशानं बांधलं जातं, हे त्या शब्दातच सांगितलेलं असतं.

आमच्या घरी माग होता, शेती नव्हती. पैसा यायचा तो साडी मागावरून उतरल्यावर. दोन साड्यांच्या मधले दिवस शेजारावर निघत. आजीच्या उसनवारीला नियम होते आणि ते आम्हा मुलींना पाढ्यांसारखे पाठ होते. दिवेलागणीनंतर विरजण मागायला जायचं नाही. मीठ हातावर घ्यायचं नाही. भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पीठ आणताना वाटी सपाट असली तरी फेडताना तिला शीग लावायची. "शीग लावून दे गं, तिनं अडीनडीला दिलंय," असं आजी म्हणायची. ही शीग म्हणजे व्याज नव्हे. व्याज आधी ठरतं आणि मागून घेतलं जातं. शीग घेणाऱ्याच्या मनातून येते. देणाऱ्यानं ती मागितली, तर तिची शीग उरत नाही.

उसन्याचा दुसरा गुण मला फार उशिरा समजला. दोन शेजारघरांत उसनं कधी पूर्ण फिटत नसे. आज आमच्याकडे त्यांची डाळ असायची, उद्या त्यांच्याकडे आमचं तेल. तंतोतंत फेड झाली आणि कुणाचंच कुणाकडं काही राहिलं नाही, असं सहसा घडत नसे आणि घडावं असं कुणाला वाटतही नसे. आपल्याकडे 'हिशेब चुकता केला' हे वाक्य भांडणानंतर येतं, ते उगाच नाही. थोडं देणं बाकी असणं म्हणजे पुन्हा त्या दारात जायला कारण असणं. शेतकऱ्यांच्या सावडीतही हेच आहे. ज्याच्याकडे एकच बैल असतो, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. दोघांची जोडी आधी याच्या वावरात चालते, मग त्याच्या. इर्जिकीत तर अख्खी आळी आपापली औतं घेऊन एकाच्या रानात उतरते आणि ज्याचं रान असेल तो जेवण घालतो. इथं उसना घेतलेला असतो तो दिवस, आणि तो दिवसानंच फेडायचा असतो.

या सगळ्यात ऊब आहे आणि ती खरी आहे. पण उसन्याची हद्द कुठं संपत होती, हेही सांगितलं पाहिजे. ज्याच्या हातचं पाणी चालतं त्याच्याकडून पीठ उसनं घेता येतं. ज्याच्या सावलीचा विटाळ मानला, त्याची वाटी कोण घेणार आणि त्याला कोण भरून देणार? उसनवारी जातीच्या आत फिरत राहिली. वेशीबाहेरच्या माणसाला शेजाराची वाटी मिळत नव्हती. त्याच्या वाट्याला यायचं ते थेट कर्ज, नाहीतर सालगडी म्हणून स्वतःला बांधून घेणं. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याला सर्वांत महाग पैसा. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून चालला होता आणि दार उघडलं नव्हतं. त्या घोषणेची जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. मी मुलांना तिथं नेते तेव्हा देवळाच्या आणि पाणवठ्याच्या बरोबरीनं या वाटीबद्दलही बोलते. माणसाला माणूस मानणं हे रोजच्या व्यवहारात कसं दिसतं, असं मुलं विचारतात. मी सांगते, एकमेकांकडून पीठ मागता येतं, असं दिसतं.

मागावरच्या घराला उसन्यानं दिवस काढता येतात, साडी विणता येत नाही. पैठणीला रेशीम लागतं, ते बंगळूरकडून येतं. जर सुरतेची. पदरावरचे मोर, मुनिया, असावलीच्या वेली हे सगळं छोट्या छोट्या तिल्ल्यांवरच्या रंगीत बाण्यानं, ताण्याचे धागे मोजत, हातानं भरायचं असतं. साधा पदर असेल तर साडी महिन्याभरात उतरते. भरलेला पदर आणि अंगभर नक्षी असेल तर कितीतरी महिने जातात. तोवर रेशमाचे पैसे अडकून पडतात आणि घरची चूल तर रोज पेटवावी लागते. म्हणून येवल्यात, नागड्यात, वडगावात कितीतरी घरांनी व्यापाऱ्याचं रेशीम घेऊन मजुरीवर विणणं पत्करलं. लग्न निघालं, आजारपण आलं, पावसाळ्याच्या तोंडावर छप्पर गळू लागलं, की त्याच व्यापाऱ्याकडून रक्कम आणायची. तिचं नाव उचल.

उचल हे कर्ज आहे, पण ती पैशानं फिटत नाही, हातांनी फिटते. प्रत्येक साडीच्या मजुरीतून थोडी थोडी कापली जाते आणि ती संपेपर्यंत माग दुसऱ्याचं रेशीम बघू शकत नाही. तारणात वस्तू अडकते, उचलीत माणूस अडकतो. ऊसतोड कामगारांकडेही हाच शब्द आहे. मुकादम हंगामाआधी नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे त्यांच्या भाषेत एका कोयत्याला, उचल देतो. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तेवढ्या रकमेचं काम झालं नाही, तर राहिलेली उचल पुढच्या वर्षाच्या अंगावर येते. रात्री दोनला दवाखान्यात पैसे लागले तर बँक उघडी नसते आणि ज्यानं उचल दिली त्याचं दार उघडं असतं, हेही मी पाहिलं आहे. ती मदत खोटी नव्हती. पण तिची किंमत विणकरानं आपल्या पुढच्या कित्येक महिन्यांच्या मोकळेपणात मोजलेली असते.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावात गिऱ्हाईक थेट येऊ लागलं, तशी स्वतःचं रेशीम घेऊन विणणारी आणि स्वतःच विकणारी घरं वाढली. विणकरांसाठीच्या मुद्रा योजनेत सहा टक्के व्याजानं पैसा मिळण्याची सोय झाली. सहा टक्के हा आकडा मोठा नाही, आणि त्यापेक्षाही मोलाचं हे, की त्या कर्जाला हप्ता असतो आणि शेवटचा हप्ता कधी ते माहीत असतं. उचलीला शेवट लिहिलेला नसतो.

शेताचं कर्ज आणखी वेगळं. ते जमिनीला लागतं, आणि त्याचा कागदावरचा शब्दच 'बोजा' आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बोजा चढतो आणि फेडल्यावर तो उतरवून घ्यावा लागतो. गावची विविध कार्यकारी संस्था सर्वांच्या तोंडी नुसती 'सोसायटी' असते. पीककर्जाचा दर ७ टक्के. ३ लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीचे ३ टक्के वजा होऊन ४ उरतात. त्यामुळं मार्च जवळ आला की येवला तालुक्यात एकच धावपळ दिसते. कांद्याला भाव नसतो, पैसा हाती नसतो, पण थकबाकीदार झालं तर सवलत जाते आणि नवं कर्जही अडतं. मग कुणाकडून तरी चार दिवसांसाठी महाग पैसा आणायचा, जुनं कर्ज भरायचं, लगेच नवं उचलायचं आणि त्यातून त्या चार दिवसांच्या पैशाची परतफेड करायची. याला 'नवंजुनं करणं' म्हणतात. मुद्दल तिथंच राहतं, वर्ष तेवढं पुढं सरकतं. बाहेरच्या माणसाला संस्थेच्या वहीत वसुली दिसते. नवंजुनं हा शब्द ज्याला कळतो, त्यालाच त्या वसुलीच्या आत काय आहे ते दिसतं.

गहाणाचेही प्रकार आहेत आणि त्यांतला भेद न कळल्यानं महाराष्ट्रात पिढ्यांच्या जमिनी गेल्या. नजरगहाणात जमीन कसणाऱ्याकडेच राहते. ताबेगहाणात ती सावकाराकडे जाते आणि पीकही तोच नेतो. मुदतखरेदीत तर कागद विक्रीचाच असतो. ठरल्या मुदतीत पैसे दिले तर जमीन परत, नाहीतर ती विकली गेलीच. अंगठा उठवणाऱ्याला तिन्ही कागद सारखेच दिसत. धान्यातलं कर्ज सवाईनं की दिढीनं, म्हणजे मणाला सव्वा मण की दीड मण, हेही खळ्यावर मापं पडेपर्यंत उमगत नसे.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा संताप उसळला, तेव्हा त्यांनी मागितलं ते धन नव्हतं, कागद होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं १८६० च्या दशकात इथल्या कापसाला भाव आला होता आणि सावकारांनी हात सैल सोडला होता. युद्ध संपलं, भाव कोसळले, सरकारी सारा मात्र वाढला, आणि त्याच वेळी सावकारांनी हात आखडता घेऊन जुनी वसुली सुरू केली. गावोगावी लोकांनी कर्जखतं आणि हुकूमनामे काढून घेतले आणि जाळले. माणसांवरचे हल्ले तुलनेनं कमी झाले. रोख होता तो ज्या मजकुराखाली आपला अंगठा आहे पण जो आपल्याला वाचता येत नाही, त्या मजकुरावर. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. आपल्या तालुक्याची शीव त्यांतल्याच अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कोपरगावाला भिडते. त्या कायद्यानं न्यायाधीशाला खतावरच्या आकड्यामागं जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासायला सांगितलं. गावपातळीवर निबंधक नेमून खत त्याच्यासमोर लिहून घेण्याची तरतूद केली. घेणाऱ्याला कागद कळला पाहिजे, हा विचार आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे.

त्याच्याही आधीचा एक शब्द आपल्या परंपरेत आहे, दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, हा जुन्या धर्मशास्त्रातला नियम मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीही मानला. तुकाराम महाराजांची आठवण तर घराघरांत आहे. महाजनकी असलेल्या घरातल्या या माणसानं दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली, असं वारकरी परंपरा सांगते. धाकट्या भावाच्या वाट्याची खतं त्यांनी त्याच्याकडे दिली, हा त्या कथेतला तपशील मला विशेष वाटतो. दुसऱ्याचं येणं त्यांनी माफ केलं नाही, तो हक्क त्यांचा नव्हता. स्वतःचं तेवढं सोडलं. माफी देण्याआधी येणं कुणाचं आहे, हे त्यांना स्वच्छ माहीत होतं.

स्वातंत्र्यानंतर लगेच, १९५१-५२ मध्ये, देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. शेतकऱ्याच्या कर्जातला सुमारे ७० टक्के वाटा सावकारांचा निघाला आणि सहकारी संस्थांचा ३ टक्क्यांच्या आसपास. पुढच्या काळात महाराष्ट्रानं सोसायट्या, जिल्हा बँका, पतसंस्था यांचं जे जाळं विणलं, ते या दोन आकड्यांमधलं अंतर कमी करण्यासाठी. १९९२ पासून बचत गट बँकांना जोडले गेले आणि ज्या बाईच्या नावावर ना जमीन होती ना घर, तिला पहिल्यांदा स्वतःच्या सहीवर कर्ज मिळालं. तारण काय, तर गटातल्या बाकीच्या बायका. भिशीचंही तत्त्व हेच. दरमहा सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची आणि पाळीपाळीनं एकीनं उचलायची. व्हिएतनाममध्ये अशीच मंडळं चालतात. दक्षिणेकडे त्यांना 'हुई' म्हणतात आणि तिथल्या दिवाणी कायद्यानं त्यांना जागा दिली आहे. येवल्याची बाई आणि मेकाँगकाठची बाई एकमेकींचं एक वाक्यही समजू शकणार नाहीत, पण ज्या महिन्यात भिशी लागली त्या महिन्यात घरात काय आनंद असतो, हे दोघींना समजेल.

आता या सगळ्या शब्दांवर एकच शब्द पसरतो आहे, लोन. मोबाइल घेतला तो लोनवर, लग्न केलं ते लोनवर, दवाखाना झाला तोही लोनवर. ॲप म्हणतं, पाच मिनिटांत लोन. गावातला तरुण हे लोन घेतो तेव्हा त्याला विचारावंसं वाटतं, की बाबा, हे उसनं आहे, उचल आहे की गहाण? बांधलं काय जातंय? तुझी फोनमधली नावं आणि फोटो? तुझ्या मित्राची जामीनकी? पुढच्या वर्षाचा पगार? पूर्वी पत म्हणजे चार माणसांत असलेलं नाव. आज ती ३०० ते ९०० मधला सिबिलचा आकडा झाली आहे. बाईला किंवा वेशीबाहेरच्या माणसाला नाव विचारून नाकारण्यापेक्षा आकडा पाहून देणं न्याय्य आहे, हे मी मानते. पण तो आकडा कशानं घसरतो आणि कशानं चढतो, हे ज्याचा आकडा आहे त्या माणसालाच ठाऊक नसेल, तर तो पुन्हा अंगठ्याच्या काळातच उभा आहे.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम आणले. कर्ज देणाऱ्यानं आधी एका पत्रकात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर सांगायचा आणि ठरावीक दिवसांत कर्ज परत करून मोकळं होण्याची मुभा द्यायची. २०२४ च्या परिपत्रकानं हे पत्रक किरकोळ कर्जांसाठी सर्वत्र लागू केलं आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं, असं बजावलं. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. १८७९ च्या कायद्यानं गावच्या निबंधकावर जे काम सोपवलं होतं, ते आता कर्ज देणाऱ्यावरच टाकलं आहे. मात्र कागद मराठीत मिळण्याचा हक्क तेव्हाच उपयोगी पडतो, जेव्हा त्यावरचे मराठी शब्द वाचणाऱ्याच्या ओळखीचे असतात. मुद्दल, व्याज, तारण, जामीनदार, मुदत, थकबाकी, बेबाकी. हे शब्द आम्ही मुलांना शिकवले नाहीत, तर मराठीत लिहिलेला कागदही त्यांना परकाच राहील.

म्हणून बॉरो आणि लेंड शिकवून झाल्यावर मी एक तास मराठीच्या उधारीला देते. मुलं घरून शब्द आणतात. कुणाचे वडील कांद्याचे शेतकरी, कुणाची आई मागावर, कुणाचं कुटुंब हंगामात कोयता घेऊन जाणारं. प्रत्येक शब्दाला आम्ही तेच पाच प्रश्न विचारतो. देणारा कोण? परत काय करायचं, तीच वस्तू, तेवढाच पैसा, की अंगमेहनत? त्यावर किती आणि ते ठरवलं कुणी? मधेच देता आलं नाही तर हातचं काय जाईल? आणि हे संपलं, असं लिहून कोण देणार? सुरुवातीला मुलं लाजतात, कारण घरचं कर्ज ही आपल्याकडे लपवायची गोष्ट आहे. पाचव्या-सहाव्या शब्दापर्यंत लाज ओसरते. आपल्या घराला जे झालंय त्याला नाव आहे आणि ते नाव शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या घरालाही आहे, हे त्यांना समजतं.

कर्ज घेणं ही नामुष्की नाही. रेशीम आधी आणावं लागतं आणि साडी नंतर विकली जाते, बी आधी पेरावं लागतं आणि कांदा नंतर निघतो. जोवर माणूस काही घडवतो आहे तोवर त्याला कुणाचं तरी देणं लागणारच. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीनं आयुष्यात केव्हातरी कर्जाच्या कागदावर सही करावी, तिचा माग, तिचं दुकान, तिचं शिक्षण त्यातून उभं राहावं, अशीच माझी इच्छा आहे. फक्त सही करण्याआधी तिनं समोरच्याला ते पाच प्रश्न मराठीत विचारावेत आणि उत्तर मराठीतच लिहून मागावं. तो हक्क तिला कायद्यानं आता मिळाला आहे. तो वापरायला लागणारी भाषा तिला देणं हे आमचं, शिकवणाऱ्यांचं, काम आहे.